वडनेरची गार न होणारी गाडी

परळच्या आमच्या चाळीत मी इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आलोय, की मे महिन्यात मोटारीचा हीटर लावून घाट चढलेला माणूस बघून घ्या, दुसरा मिळायचा नाही. लोक हसतात. बायकोला तर खात्रीच वाटते, उन्हानं ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी म्हटलं, सगळं एकदा लिहूनच काढावं. बुलढाणा जिल्ह्यात तुमच्यापैकी फार कोणी गेलं नसेल. मीसुद्धा आपणहून गेलो नसतो, मला पोस्टकार्डांनी नेलं.

मी थंडाव्याची यंत्रं दुरुस्त करतो, दुकानांतली आणि मोटारींतली. महाराष्ट्र राज्य होऊन दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. थंड हवा देणारी मोटार त्या वेळी मुंबईतसुद्धा बोटांवर मोजण्याइतकी. एका परदेशी वकिलातीनं आपली जुनी, होडीएवढी लांब गाडी लिलावात काढली आणि ती वडनेर भोलजीच्या एका जमीनदारानं घेतली. तिचं यंत्र मी दोनदा उघडलेलं, म्हणून गाडीबरोबर माझा पत्ताही तिकडे गेला. मार्चपासून कार्डं यायला लागली. 'गाडी गार होत नाही.' मी उत्तर लिहिलं, पट्टा सैल आहे का बघा. उलट कार्ड आलं, 'पाहिला. गार होत नाही.' मग लिहिलं, पुढच्या जाळीत कापसाचा भुगा अडकला असेल, ती धुवा. 'धुतली. गार होत नाही.' नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला तर तिथून गॅस गळतोय. 'बुडबुडा नाही. गार होत नाही. आपण स्वतः यावे.' माझं डोकंच फिरलं. गॅसचं नळकांडं, हत्यारं आणि एक नवा पट्टा घेऊन मी रेल्वेत बसलो.

नांदुरा स्टेशन

सकाळी आठला उतरलो तर फलाट तव्यासारखा. गाडीचा ड्रायव्हर न्यायला आला होता. पन्नाशीचा, काटक, आणि गळ्याला लोकरीचा मफलर! मे महिन्यात!

"मिस्तरी ना? मी शेषराव. चाला, बसा."

"ताप आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"ताप नाई हो. सर्दी हाये. ह्या गाडीनं मले दर आठ दिवसाले सर्दी होते."

गाडीच्या पुढच्या बंपरला पाण्याची किरमिजी छागल लोंबत होती, जाड कॅनव्हासची. तिच्यातलं पाणी प्यायलो आणि दात शिवशिवले. बर्फ नाही, काही नाही. मुंबईत अशी पिशवी टांगली तर पाणी नुसतं कोमट होऊन ठिबकत राहील. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी शेषरावांच्या शेजारी बसलो, त्यांनी यंत्र सुरू केलं, आणि पाच मिनिटांत माझ्या गुडघ्यांना कापरं भरलं.

"अहो, ही तर उत्तम गार होतेय! मग मालकांची तक्रार काय?"

"मांगं होत नाई."

मी वळून बघितलं. पुढच्या सीटच्या पाठीला लागून, छतापासून खालपर्यंत, सतरंजीइतका जाड तांबडा पडदा! थंडाव्याची पेटी पुढे डॅशबोर्डखाली, आणि मागे जनान्याचा गोषा. सगळा गारवा ड्रायव्हरला, आणि मालक मंडळी पडद्यामागे उकडतायत. तीन महिने मी पट्टे आणि जाळ्या सांगत बसलो, आणि दुखणं निघालं कापडाचं. मी मोठ्यानं हसलो. शेषराव हसले नाहीत.

"हसू नका मिस्तरी. तिथं हसू नका," एवढंच म्हणाले.

वडनेर भोलजी

का हसू नका, ते जेवणाच्या वेळी कळलं. मालकांना सगळे बापूसाहेब म्हणत. उंच, कोरडे, बोलणं मोजकं. पानात ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, आमरस आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा मी आमच्या चटणीसारखा बोटभर घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. वाढणारी बाई दाराआडून फिस्सकन हसली. बापूसाहेबांनी मात्र तिकडे लक्ष दिलं नाही. ते सरळ मुद्द्यावर आले.

त्यांना एकच मुलगी, कमल, वीस वर्षांची. तिला जन्मापासून घाम येत नाही. मी आधी समजलो, कमी येत असेल. तर नाही, अजिबातच नाही. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घामाच्या ग्रंथीच नाहीत. केस विरळ, दात चार-सहाच. पण ते सोसता येतं. उन्हाळा सोसत नाही. अंग तापत जातं आणि उतरायला वाटच नसते. नऊ वर्षांची असताना एका लग्नाला दुपारी बैलगाडीतून नेली, ताप एकशे पाचावर गेला, झटके आले, तीन दिवस शुद्ध नव्हती. तेव्हापासून फाल्गुन ते मृग ती घराच्या मधल्या खोलीत असते. जमिनीवर पाणी शिंपडलेलं, खिडकीला वाळ्याचा पडदा, अंगावर ओलं लुगडं. त्या खोलीत बसून पोरीनं मॅट्रिक केलं.

"तिच्यासाठी गाडी घेतली," बापूसाहेब म्हणाले. "आणि ती गार होत नाही."

"होते," मी म्हटलं. "पडदा काढा, आत्ता होईल."

बापूसाहेबांनी मान हलवली. "आमच्या घरच्या बाया उघड्या गाडीत बसत नसतात. पडदा राहील. तुम्ही यंत्राचा जोर वाढवा."

आमच्याकडे परळला बायका गिरणीत पाळी करून येतात, बाजारहाट करतात, वेळ आली तर भांडतातही. मला हा प्रकार नवा. तोंडावर आलं होतं ते गिळलं, कारण मिठाला जागणं भाग होतं. यंत्राचा जोर वाढवायचा म्हणजे काय करायचं, कपाळ? पण नुसतं बसून तरी कसं राहणार! नवा पट्टा चढवला, जुना ओट्यावर टाकला, आणि नवा असा ताणला की तारेसारखा वाजायला लागला.

"लय तानला वाटते, मिस्तरी," शेषराव म्हणाले.

"तुम्ही गाडी चालवा, मी यंत्र बघतो," मी फटकारलं. त्यांनी मफलर नीट केला. हे वाक्य मी विसरलेलो नाही, आणि शेषरावही विसरले नसतील.

संध्याकाळी मधल्या खोलीच्या दारातून आवाज आला. "मिस्तरीकाका, मुंबईत समुद्राजवळ गार असते ना?" मी म्हटलं, गार कसलं, दिवसभर चिकचिक, घाम वाळतच नाही. मग, "घाम वाळत नाई, तर मंग त्याचा उपेग काय?" मी हसलो आणि विसरून गेलो.

दुसरा दिवस, दहाचं टपाल

बापूसाहेब पहाटेच कोर्टाच्या कामाला खामगावला गेले. मी रात्रीच्या गाडीनं परतणार होतो. दहाच्या सुमाराला पोस्टमन आला, लिफाफा देऊन गेला, आणि घरात एकदम धावपळ झाली.

बुलढाण्याच्या अध्यापक विद्यालयाचं पत्र होतं. मास्तरीण होण्याच्या शिक्षणासाठी कमलनं अर्ज केला होता. मुलाखतीला दुपारी तीन वाजता हजर राहावे, गैरहजर राहिल्यास नाव वगळण्यात येईल. तारीख त्याच दिवसाची. पत्र वाटेत कुठे आठ दिवस लोळत पडलं होतं, देव जाणे!

त्या घरात पहिल्यांदाच मी दोघींना समोर बघितलं. आई ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली, हातात पत्र. कमल तिच्या मागे, डोक्यावरून ओला पदर, चेहरा लहान आणि डोळे मोठे.

"बापूनं यंदाच्या सालापुरतं हो म्हनलं हाये," कमल मला म्हणाली. "पुढच्या साली नाई म्हनतीन. काका, मले दुसरी कोन्ती नोकरी जमनार? शाळेलेच उन्हाळ्यात सुटी असते."

किती साधा हिशेब, आणि पोरीनं त्या अंधाऱ्या खोलीत बसून एकटीनं मांडलेला. पंचावन्न-साठ किलोमीटर रस्ता, मध्ये राजूरचा घाट, आणि बाहेर ऊन असं की अंगणात कुत्रं दिसेना.

"गाडी मांगंपर्यंत गार होईन का, भाऊ?" आईनं विचारलं.

"पडदा असेपर्यंत नाही, बाई. खोटं कशाला बोलू?"

ती माउली अंगणात उतरली, गाडीचं दार उघडलं, आणि पडद्याला दोन्ही हातांनी असा हिसका दिला की कड्या टणटण उडाल्या. त्याची घडी करून काखेत मारली. "माह्या जबाबदारीवर. शेषराव, पानी भरून घ्या." शेषराव विहिरीकडे पळाले.

नांदुरा ते मोताळा

साडेअकराला निघालो. पुढे शेषराव आणि मी, मागे मायलेकी. छागल, दोन कळश्या आणि डिकीत पाण्याचा डबा. आईच्या मांडीवर पितळी गडू, त्यात पाण्यात बुडवलेलं थर्मामीटर. मी विचारलं, पाण्यात कशाला? "हवेनंच पारा चढते ना भाऊ, मंग पोरीचा ताप कसा कळनार?"

पण गाडी गार झाली. मागेपर्यंत झाली! नांदुऱ्याच्या पुढे आईनं पारा वाचला, नव्व्याण्णव. कमल काचेला नाक लावून बसली होती. बाहेर काळी जमीन भेगाळलेली, बांधावर कापसाच्या वाळक्या काड्यांचे, पऱ्हाट्यांचे ढीग, चुकून एखादं हिरवं कडुनिंबाचं झाड. मला ते बघवत नव्हतं, आणि ती मात्र एकेक शेत डोळे भरून बघत होती. "उन्हाळ्यात वावर असं दिसते का, आई? मी तं कधी पाह्यलंच नाई." खिडकीचे छोटे पडदे तिनं बाजूला सारले होते, आणि आई तिला काही म्हणाली नाही.

मोताळ्याच्या अलीकडे हवा मंदावली. पंख्याचा आवाज तसाच, पण भोकांतून वारा येईना. मी पेटीवर हात ठेवला. बाहेरून घामेजलेली, आतून गोठलेली. जुन्या यंत्रांचा हा नेहमीचा रोग. फार वेळ जोरात चाललं की पेटीच्या आत बर्फ धरतो, आणि तोच वाऱ्याची वाट अडवतो. उपाय एकच, यंत्र बंद करायचं आणि नुसता पंखा चालू ठेवायचा.

"बंद करा," मी म्हटलं.

शेषरावांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विष द्या म्हणालोय. "पोरगी मांगं हाये, मिस्तरी."

"म्हणूनच बंद करा! दहा मिनिटं!"

दहा मिनिटं किती लांब असतात ते मला त्या रस्त्यावर कळलं. शंभर. शंभर आणि चार रेघा. एकशे एक. आई एकेक आकडा सांगत होती. मग पेटीतून पाणी ठिबकायला लागलं, सुर्रकन वारा सुटला, आणि गारव्याचा झोत पार मागच्या काचेपर्यंत गेला. कमल म्हणाली, "आलं!" मी कॉलर ताठ केली. मोताळ्याला चहासुद्धा न घेता पुढे काढली. मला वाटलं, आता जिंकलो.

राजूर घाट

घाटाच्या तिसऱ्या वळणावर बंदुकीसारखा आवाज झाला. पंखा फिरत राहिला, पण त्यातून भट्टीचा वारा यायला लागला. उतरून बॉनेट उघडलं. यंत्राचा पट्टा तुटून चिंध्या झाला होता. नवाकोरा पट्टा. मी तारेसारखा ताणलेला. आणि जुना वडनेरला ओट्यावर.

शेषराव शेजारी उभे होते. एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. मला रडायला येत होतं, हे लिहायला लाज वाटत नाही. माझ्या ताठ्यापायी मी एका पोरीला भर दुपारी घाटात आणून उभं केलं होतं.

"एकशे दोन," आतून आईचा आवाज आला. गाडी उभी होती ना, वारा नव्हता. टप तापून हात लावण्यासारखा नव्हता.

मी धावत आत बसलो. "काचा बंद ठेवा! बाहेरची लू आत येऊ देऊ नका!"

"काचा खाली घ्या," कमल म्हणाली. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, पण आवाज घट्ट. "खिडकीचे पडदे ओले करा आन् गाडी चालवा."

"वेडी आहेस का? बाहेर आग आहे."

"काका, तुमच्या मुंबईत पानी वाळत नाई. इथं वाळते. तुम्हाले घाम आतून येते, मले बाहेरून घ्या लागते."

छागल! ती पुढे बंपरवर सबंध वाट उन्हात लोंबत होती आणि तिचं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. काल मी तेच पाणी प्यायलो होतो. वीस वर्षं थंडाव्याचा धंदा केलेला मी, आणि मला शिकवावं लागत होतं, तेही खोलीत कोंडलेल्या पोरीनं. खिडकीच्या पडद्यांवर आम्ही कळशी ओतली, शेषरावांनी गाडी काढली, आणि ओल्या कापडातून मागे वारा शिरला. शंभर पावलांत मला मागून हुंकार ऐकू आला, तहानलेल्यानं पाणी प्यायल्यावर येतो तसा.

पण दैव बघा! चढ वाढला तसा इंजिनाचा काटा लाल रेघेला टेकला.

"पानी उकळून राह्यलं," शेषराव म्हणाले. "थांबा लागते. नाई तं इंजिन बसते."

"थांबलं तर वारा थांबतो!"

"मंग मी काय करू, सांगा न!"

आणि मला आठवलं. गाडी थंड मुलखातली. तिला हीटर होता, आम्ही कधी हात न लावलेला. हीटर म्हणजे दुसरं काय असतं? इंजिनाचं उकळतं पाणी एका वेगळ्या पेटीतून फिरवून त्याची उष्णता माणसाच्या पायांवर सोडायची. तेवढी इंजिनाच्या डोक्यावरून उतरते. पण ती उष्णता गाडीत शिरणार. पुढे आमच्यावर, आणि मग मागे.

"बाई," मी ओरडलो, "तो पडदा कुठाय? तांबडा?"

"हा काय, मी बसली ना त्याच्यावर." बुलढाण्याला गाडीतून उतरताना आडोसा लागेल म्हणून तिनं तो बरोबर घेतला होता. मी पाठीमागे हात लांबवला, आणि दोघींनी तो पुन्हा त्याच कड्यांना अडकवला, ज्या उरल्या होत्या त्यांना. उरलेली कळशी त्याच्यावर. जाड कापडानं पाणी पिऊन घेतलं, आणि आमची गाडी पुन्हा दोन खोल्यांची झाली. मागे ओला अंधार, पुढे आम्ही दोघे. मी हीटरची खुंटी पूर्ण ओढली.

काय सांगू तुम्हाला! चपलांतून पाय भाजत होते. गुडघ्यांपर्यंत जळती हवा, खिडकीतून तोंडावर लू. शेषरावांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत मफलर काढला. "चाल बे, चाल," असं ते गाडीला म्हणत होते, बैलाला म्हणावं तसं. काटा लाल रेघेवर थरथरला, थांबला, आणि गव्हाच्या दाण्याएवढा मागे सरला.

"एकशे दोन," पडद्यामागून. दोन वळणं. "तेवढाच हाये." आणखी एक वळण. छागल मागे देऊन टाकली होती. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, भाऊ घोटभर घ्या. मी नाही म्हटलं. तो पट्टा माझा होता, पाणी तिचं होतं. "एकशे एक, भाऊ! उतरून राह्यला!" शेषरावांनी डोळे पुसले, आणि घाम पुसल्यासारखं केलं.

बुलढाणा

घाट संपला आणि वारा बदलला. बुलढाणा उंचावर, तिथली हवा खालच्या मुलखापेक्षा हलकी, हे ऐकलं होतं. त्या दिवशी कानशिलांना कळलं. विद्यालयाच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती. मी ऐटीत दार उघडून उतरलो, दोन पावलं टाकली आणि पायरीवर कोसळलो.

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यावर ओला पदर होता आणि कमल माझ्या तळपायांवर पाणी ओतत होती. तिला मुलाखतीला बोलावत होते, शिपाई दारातून हाक मारत होता, आणि ती जागची हलत नव्हती.

"अगं जा! कशासाठी आलो आपण?"

"तुम्हाले ऊन लागलं हाये. मले माईत हाये कसं लागते ते." माझ्या कपाळाला हात लावून ती हसली. "सुटला घाम. तुमचं बरं हाये बाप्पा, आपोआप येते." मग उठली, डिकीतल्या डब्यातलं उरलेलं पाणी स्वतःच्या खांद्यांवर ओतून घेतलं, आणि ओलेती, पावलांचे ठसे फरशीवर उठवत आत गेली. आडोशाचा पडदा गाडीत तसाच टांगलेला होता. आई तिच्याबरोबर दारापर्यंत चालत गेली, सगळ्यांच्या देखत, आणि तिथेच उभी राहिली.

अर्ध्या तासानं कमल बाहेर आली. आम्ही तिघेही एकदम उठलो.

"त्यायनं विचारलं, अंगावर पानी काऊन? मी सगळं सांगतलं. मंग एक मोठे सर म्हनले, अशा तब्येतीवर मास्तरकी कशी करशीन? मी म्हनलं, सर, आज मी आली ना." इतकं बोलून ती आईच्या गळ्यात पडली. मला पुढचं नीट दिसलं नाही.

परतीला आम्ही उन्हं कलल्यावर निघालो. सगळ्या काचा खाली आणि हीटर बंद. वडनेरच्या वेशीवर बापूसाहेब उभे होते, घरी येऊन सगळं ऐकून तिथवर आलेले. गाडी थांबली. त्यांनी आधी लेकीच्या कपाळाला हात लावला. मग कड्या तुटलेला, वाळून वाकडातिकडा झालेला पडदा बघितला. मी म्हटलं, बापूसाहेब, पट्टा माझ्या चुकीनं तुटला, पोरीचा जीव मी धोक्यात घातला, काय बोलायचं ते मला बोला. त्यांनी मला स्वतः नांदुऱ्याला गाडीवर बसवून दिलं, शिदोरीत ठेचा होता.

मुंबईला पोचताच मी दोन पट्टे पाठवले आणि शेषरावांच्या नावे वेगळी चिठ्ठी, की बोटानं दाबल्यावर अर्धा इंच दबला पाहिजे, त्यापेक्षा ताणू नये, आणि तुमचं त्या दिवशी ऐकलं नाही त्याबद्दल माफी असावी. महिनाभर काही नाही. मला झोप येईना. मग जूनच्या अखेरीस ओळखीच्या अक्षरातलं कार्ड आलं, नेहमीसारखंच तीन ओळींचं.

'पट्टे पोचले. कमलचे नाव यादीत लागले, ती बुलढाण्यास राहावयास गेली. गाडी आता मागच्या सीटपर्यंत गार होते.'